दारातला मालजामीन

पेशवाईतले कागद चाळताना जामिनाच्या तीन तऱ्हा वरचेवर भेटतात. देणे थकले तर पदरचे भरणारा तो मालजामीन. बोलावणे आले की माणूस आणून उभा करणारा तो हाजीरजामीन. आणि अमुक इसम दंगाधोपा करणार नाही, नीट वागेल, अशी जोखीम अंगावर घेणारा तो फेलजामीन. यांपैकी कोणता कतबा, म्हणजे जामीनखत, लिहून घ्यायचा हे सरकारला नेमके ठाऊक असे, आणि लिहून देणाऱ्यालाही. संकटात सापडलेल्या परदेशी माणसाला तात्पुरता आसरा मिळावा म्हणून आज एखाद्या देशातला रहिवासी जे हमीपत्र भरतो, त्यात ही स्पष्टता उरलेली नाही. अमेरिकेत त्या अर्जाचे नाव आय-१३४, आणि २०२५ पर्यंत त्याचे ऑनलाइन भावंड होते आय-१३४-ए. आपले उत्पन्न, बँकेतली शिल्लक, घरात आधीच खाणारी तोंडे किती, हे सारे त्यात मांडायचे आणि येणाऱ्याला मुक्कामात पैशाची ददात पडू देणार नाही, असे सही करून द्यायचे. वाचणाऱ्याला हा मालजामिनाचा सरळ कागद वाटतो. या कागदाचा इतिहास मात्र वेगळे सांगतो. मालजामीन म्हणून त्याची वसुली जवळजवळ कधी झालीच नाही. सरकारांनी तो दाराच्या खिटीसारखा वापरला, मनात आले तेव्हा सैल केला, मनात नसले तेव्हा आवळला. आणि हमी देणाऱ्याने शब्द दिला तरी हमी घेणाऱ्याने आपला शब्द कधीच दिला नाही. हा दुसरा मुद्दा मला पहिल्याहून महत्त्वाचा वाटतो.

मूळ बंदरात आहे. एकोणिसाव्या शतकात आयर्लंड आणि जर्मनीतून जहाजे भरभरून माणसे न्यूयॉर्कला उतरू लागली, तेव्हा त्यांच्याबाबत संघराज्याचा म्हणण्यासारखा कायदाच नव्हता. दुष्काळाने खंगलेला, तापाने फणफणलेला उतारू धक्क्यावर पाय ठेवायचा आणि त्याचे औषधपाणी शहराच्या माथी यायचे. न्यूयॉर्क राज्याने मग जहाजमालकांना धरले. दर उतारूमागे ३०० डॉलरचा जामीन लिहून द्यायचा, आणि चार वर्षांच्या आत तो माणूस सार्वजनिक खर्चावर आला तर भरपाई जहाजमालकाने करायची. ज्याला ही कटकट नको त्याने माणशी दीड डॉलर रोख मोजून मोकळे व्हायचे. साहजिकच मालक दीड डॉलर मोजत आणि भाड्यात मिळवून उतारूच्याच खिशातून काढत. १८७६ मध्ये हेंडरसन खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा रद्द केला. न्यायमूर्ती मिलर यांचे म्हणणे असे की जामिनाची अट मुद्दामच इतकी जाचक ठेवली आहे की कोणी ती पत्करू नये. जामिनाच्या पडद्याआड हा उघड उघड कर आहे, आणि परदेशातून येणाऱ्यांवर कर बसवणे हे राज्याचे काम नव्हे. काम वॉशिंग्टनकडे गेले. १८८२ च्या कायद्याने माणशी ५० सेंटचा कर आला आणि स्वतःचे पोट भरू न शकणाऱ्याला, सरकारी खर्चाचा धनी होणाऱ्याला, उतरू न देण्याची तरतूद आली. जामीन हे दारावर नाणी गोळा करण्याचे निमित्त आहे, हे न्यायालयाने अशा रीतीने दीडशे वर्षांपूर्वीच ओळखले होते.

खरा कस लागला तो १९३० नंतर. मंदीने अमेरिका गारठली होती. ८ सप्टेंबर १९३० रोजी राष्ट्राध्यक्ष हूवर यांच्या सरकारने कायद्याचे एक अक्षरही न बदलता वकिलातींना कळवले की ‘सरकारी खर्चाचा धनी होण्याचा संभव’ हे शब्द यापुढे कडकपणे वाचा. आधी धडधाकट माणूस काम करून पोट भरेल असे धरले जाई. आता काम मिळेलच कशावरून, असा सवाल उभा राहिला. उत्तर एकच उरले: अमेरिकेतल्या कोणा नातलगाचे हमीपत्र, सोबत त्याची करविवरणे आणि बँकेचा दाखला. हिटलर सत्तेवर आला त्या १९३३ साली जर्मनीसाठी वर्षाला २५,९५७ जागा राखलेल्या होत्या, प्रतीक्षायादीत ८२,७८७ नावे होती, आणि प्रत्यक्षात व्हिसा मिळाले १,२४१. म्हणजे दर वीस जागांमागे एक. बाकीच्यांपैकी बहुतेकांची अडचण पैशाची होती, आणि ती नाझींनीच करून ठेवली होती, कारण देश सोडणाऱ्या ज्यूला आपला पैसा बाहेर नेता येत नसे. पुढे जानेवारी १९३७ मध्ये वकिलातींना नवी सूचना गेली. माणूस सरकारी खर्चावर येणे केवळ शक्य आहे म्हणून त्याला नाकारू नका, तसे होणे संभाव्य असेल तरच नाकारा. शक्य आणि संभाव्य यांतले अंतर व्याकरणाच्या तासाला क्षुल्लक वाटेल. बर्लिन, श्टुटगार्ट, व्हिएन्ना इथल्या वकिलातींसमोर ते हजारो कुटुंबांचे अंतर होते. १९३९ मध्ये ऑस्ट्रियासह २७,३७० झालेला तो कोटा पहिल्यांदाच पुरता भरला. अमेरिकेतले नातलग या सहा वर्षांत अचानक श्रीमंत झाले नव्हते.

यावर असे म्हणता येईल की कागद कमजोर असतील, जामीनदार फाटके असतील, म्हणून वकिलाती साशंक होत्या. तर दोन जामीनदार पाहू. कार्ल लेमली हा युनिव्हर्सल स्टुडिओचा संस्थापक, मूळचा जर्मनीतल्या लाउपहाइम गावचा. गावच्या आणि आसपासच्या ज्यूंसाठी त्याने शेकड्यांनी हमीपत्रे लिहून दिली. १९३८ पर्यंत वकिलात त्याची हमीपत्रे नाकारू लागली होती. कारणांपैकी एक होते वय: सत्तरी ओलांडलेला माणूस उद्या मेला तर हमीचे काय? लेमलीने परराष्ट्रमंत्री कॉर्डेल हल यांना पत्र लिहून दाद मागितली, आणि आपली पत संपलेली पाहून इतरांना हमी देण्यासाठी गळ घालत राहिला. सप्टेंबर १९३९ मध्ये तो खरोखरच वारला. दुसरा जामीनदार आपल्या वाचकांना आडवळणाने परिचयाचा आहे. ॲन फ्रँकचे वडील ऑटो फ्रँक यांनी एप्रिल १९४१ मध्ये ॲमस्टरडॅमहून आपला कॉलेजातला जुना मित्र नेथन स्ट्राउस याला पत्र लिहिले आणि हमीच्या ठेवीसाठी ५,००० डॉलरची मदत मागितली. हा स्ट्राउस मेसीज या बड्या दुकानाच्या मालक घराण्यातला आणि त्या वेळी अमेरिकेच्या गृहनिर्माण खात्याचा प्रमुख. याहून भरभक्कम जामीनदार कल्पनेतही सापडणार नाही. पण त्याच उन्हाळ्यात जर्मनव्याप्त मुलखातल्या अमेरिकी वकिलाती बंद पडल्या, व्हिसाचे निर्णय वॉशिंग्टनला हलवले गेले, कागदपत्रांची सारी मांडणी नव्याने करावी लागली, आणि जवळचे नातलग जर्मनांच्या ताब्यात असलेला माणूस हेर असू शकतो असा नवा नियम आला. स्ट्राउसची संपत्ती त्यापुढे कुचकामी ठरली. सरकारला आता फेलजामीन हवा होता आणि हातात कागद होता मालजामिनाचा.

ब्रिटनमध्ये हीच गोष्ट वेगळ्या चालीने घडली. एप्रिल १९३३ मध्ये लंडनच्या ज्यू पुढाऱ्यांनी आपणहून सरकारला शब्द दिला की जर्मनीतून येणाऱ्या एकाही निर्वासिताचा बोजा सार्वजनिक तिजोरीवर पडू देणार नाही. तेव्हा त्यांचा अंदाज तीन-चार हजार माणसांचा होता. सहा वर्षांत आकडा त्याच्या दसपटीहून पुढे गेला. नोव्हेंबर १९३८ मध्ये जर्मनीभर ज्यूंची घरे, दुकाने, प्रार्थनामंदिरे फोडली-जाळली गेली, आणि त्यानंतर संसदेत चर्चा होऊन मुलांना आईवडिलांविना, तात्पुरते, येऊ द्यायचे ठरले. २ डिसेंबरला पहिली तुकडी हार्विच बंदरात उतरली. महायुद्ध सुरू होईपर्यंत सुमारे १०,००० मुले आली. किंडरट्रान्सपोर्ट या नावाने जग ज्याचे गोडवे गाते ते हेच. त्यातली एक अट मात्र गोडव्यांत ऐकू येत नाही. १९३९ च्या वसंतापासून दर मुलामागे ५० पौंडांची हमी मागितली जाऊ लागली. ही रक्कम मुलाच्या खाण्यापिण्याची नव्हती. पुढेमागे ते मूल ब्रिटन सोडून दुसऱ्या देशात जाईल तेव्हाच्या खर्चाची होती. जुन्या भाषेत सांगायचे तर हा उलटा हाजीरजामीन: माणूस हजर करण्याचा नव्हे, निघून जाईल याचा. प्रागमधून ६६९ मुले आणणाऱ्या निकोलस विंटनचा बराच वेळ एकेका मुलासाठी घर आणि ५० पौंड शोधण्यात गेला, आणि माजी पंतप्रधान बाल्डविन यांच्या नावाने उभारलेल्या निधीत लोकांनी पाच लाखांहून अधिक पौंड घातले. ती मुले पुढे कुठे जाणार होती? त्यांतल्या पुष्कळांचे आईबाप मारले गेले, बहुतेक मुले ब्रिटनमध्येच वाढली. आणि १९३३ चा तो भारदस्त शब्द? १९३९ संपता संपता ज्यू संस्थांचे पैसे संपले. सरकारने आधी खर्चातला वाटा उचलला आणि मग वाटा वाढवत नेला. जामीन बुडाला, आणि जिला खर्चाची झळ बसू नये म्हणून तो घेतला होता त्या तिजोरीने बिनबोभाट पैसे मोजले. कोणी उपाशी मेले नाही, कोणाला त्यासाठी परत धाडले नाही. हमीने काम केले ते फक्त दारात. दार ओलांडल्यावर तिची गरजही उरली नाही.

हाच कागद मुंबईलाही आला होता. १९३४ मध्ये इथल्या ज्यू रहिवाशांनी ज्यू रिलीफ असोसिएशन काढली, आणि युरोपातून पळून येणाऱ्यांच्या उदरनिर्वाहाची या संस्थेने घेतलेली हमी हिंदुस्थान सरकारने प्रवेशासाठी ग्राह्य धरली. डॉक्टर, चित्रकार, संगीतकार, कारागीर असे लोक त्या वाटेने आणि इतर वाटांनी आले. संस्थेने शब्द पाळला. पण सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध पेटले आणि जर्मन किंवा ऑस्ट्रियन पासपोर्ट बाळगणारे सगळे एका रात्रीत शत्रूदेशाचे नागरिक ठरले. नाझी आणि नाझींपासून पळालेला ज्यू हे दोघेही अहमदनगरच्या छावणीत शेजारी शेजारी बसले. त्यांच्या जेवणाचा खर्च कोण करणार हा प्रश्न तेव्हा कोणी विचारला नाही. त्यांच्या मनाचा भरवसा कोण देणार, हा विचारला. सर माल्कम डार्लिंग यांच्या समितीने एकेकाची चौकशी करून बऱ्याच जणांना सोडले. पुढे काहींना, विशेषतः कुटुंबे असलेल्यांना, पुरंदर आणि साताऱ्याच्या पॅरोल छावण्यांत ठेवले गेले. मराठी कानाला पॅरोल म्हटले की येरवड्याहून चार दिवस सुटून आलेला कैदी आठवतो. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ नुसता ‘शब्द’, वचन. पळून जाणार नाही असे वचन दिलेल्या बंदिवानाला मोकळे फिरू द्यायचे, तो पॅरोल. अमेरिकेच्या कायद्यात तात्पुरत्या मानवतावादी प्रवेशाला हाच शब्द आहे, आणि गंमत अशी की तिथे ज्याला पॅरोल मिळतो त्याच्याऐवजी वचन दुसऱ्याच कुणीतरी द्यावे लागते.

हमीदाराचे सरकारच नाहीसे झाले तर काय होते, याचे उत्तर कोल्हापूरने पाहिले आहे. सोव्हिएत रशियाने १९४०-४१ मध्ये सैबेरियाकडे हाकललेले पोलिश लोक १९४१ च्या करारानंतर सुटले आणि इराणमार्गे जिकडे वाट मिळेल तिकडे पांगले. त्यांतली मुले आधी नवानगरच्या जामसाहेबांकडे बालाचडीला आली. मग १९४३ पासून कोल्हापूरजवळच्या वळिवडे गावी सुमारे ५,००० पोलिश लोकांची वसाहत उभी राहिली, त्यात मुख्यतः बायका आणि मुले. शाळा, चर्च, नाटके, सगळे पोलिश. मुक्काम तात्पुरता, युद्ध संपेपर्यंतचा, असे सगळ्यांनीच धरले होते. खर्च लंडनमध्ये आश्रयाला असलेल्या पोलिश सरकारच्या नावे मांडला जाई, आणि त्या सरकारचा आधार ब्रिटनने दिलेले कर्ज. ५ जुलै १९४५ रोजी ब्रिटन आणि अमेरिकेने वॉर्साच्या नव्या सरकारला मान्यता दिली आणि लंडनमधले सरकार कागदोपत्री संपले. म्हणजे ज्याने हमी मागितली त्यानेच हमीदार पुसून टाकला. वळिवड्यातल्या चुली त्या रात्रीही पेटल्या. खर्च ब्रिटिश तिजोरीने आणि पुढे संयुक्त राष्ट्रांच्या मदतसंस्थांनी उचलला. कम्युनिस्ट पोलंडमध्ये परतायला बहुतेकांची तयारी नव्हती, म्हणून १९४८ पर्यंत वसाहत चालू राहिली आणि मग माणसे इंग्लंड, ऑस्ट्रेलिया अशी विखुरली. रिकाम्या बराकींत फाळणीतून आलेले सिंधी राहिले. आज तिथे गांधीनगर आहे, कापडाची मोठी घाऊक पेठ. सिंध्यांकडे कोणी हमीपत्र मागितले नाही, कारण ते परके मानलेच गेले नव्हते.

इथे एक रास्त आक्षेप येतो. युद्धकाळ अपवादाचा असतो. शांततेत तरी या हमीने करदात्याचे रक्षण होत असेल की नाही? याची परीक्षा न्यायालयांत झाली. १९५० च्या दशकाअखेर कॅलिफोर्निया आणि मिशिगन या राज्यांनी हमीदारांवर दावे लावले. हमीपत्रावर आलेली माणसे सरकारी रुग्णालयांत दाखल झाली होती, खर्च हमीदाराने द्यावा अशी मागणी होती. न्यायालयांनी ती फेटाळली. हे हमीपत्र म्हणजे करार नव्हे, त्यातून नैतिक बंधन येते, कायदेशीर येत नाही, असा निर्णय झाला. ज्या कागदासाठी श्टुटगार्टच्या वकिलातीत माणसे महिनोन्‌महिने ताटकळली, तो वसुलीच्या कामाचाच नव्हता. अमेरिकी संसदेला हे इतके सावकाश टोचले की कायद्याने वसूल करता येईल असे हमीपत्र १९९६ मध्ये आले, आणि तेही कायमच्या स्थलांतरासाठी, मुख्यतः नातलगांसाठी. तात्पुरत्या प्रवेशाचे आय-१३४ तसेच नैतिक राहिले. उलट, हमी सैल करावीशी वाटली तेव्हा ती किती सहज सैल होते हेही दिसले आहे. २२ डिसेंबर १९४५ रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी आदेश काढला की युरोपातल्या निर्वासित छावण्यांतल्या लोकांसाठी व्यक्तीऐवजी एखाद्या सेवासंस्थेची हमीही चालेल. नातलग कुणी उरलाच नाही अशा माणसाला त्यामुळे जामीनदार मिळाला. मे १९४६ मध्ये ‘मरीन फ्लॅशर’ नावाचे जहाज अशा लोकांना घेऊन न्यूयॉर्कला लागले. कायदा तोच होता. कोटाही तोच होता.

त्याच आदेशाने आणखी एका चमत्कारिक प्रकरणाचा निकाल लागला. १९४४ च्या उन्हाळ्यात तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी इटलीतून ९८२ निर्वासित आणून न्यूयॉर्क राज्यातल्या ऑस्विगो गावी फोर्ट ओंटॅरिओच्या कुंपणाआड ठेवले होते. ते ‘पाहुणे’. युद्ध संपले की परत जाऊ, असे प्रत्येकाने लिहून दिले होते, आणि कायद्याच्या लेखी ते अमेरिकेत आलेलेच नव्हते. त्यांना राहू द्यायचे ठरल्यावर १९४६ च्या सुरुवातीला बसमध्ये बसवून नायगारापलीकडे कॅनडात नेले, तिथल्या अमेरिकी वकिलातीत व्हिसा दिला आणि त्याच पुलावरून परत आणले. दीड वर्ष जिथे पोरे शाळेत गेली त्या देशात ती तेव्हा पहिल्यांदा आली! १९५२ च्या कायद्याने ही कसरत नियमात बसवली: निकडीच्या किंवा लोकहिताच्या कारणासाठी कोणालाही तात्पुरता पॅरोल देता येईल, पण तो प्रवेश मानला जाणार नाही. १९५८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही म्हटले की पॅरोलवरचा माणूस अंगाने देशात असला तरी कायद्याने उंबरठ्यावरच असतो.

उंबरठ्यावरच्या माणसाला जामीनदार भाकरीची हमी देऊ शकतो, खोलीची देऊ शकतो. मुदतीची देऊ शकत नाही. ती सरकारच्या हातात. आणि सरकारने ती कधी दिली, कधी नाही, हे पाहिले की माझा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. १९५६ मध्ये सोव्हिएत रणगाड्यांनी हंगेरीचा उठाव चिरडला. सुमारे ३८,००० हंगेरियन अमेरिकेत आले, त्यांतले ३२,००० च्या आसपास पॅरोलवर, न्यू जर्सीच्या कॅम्प किल्मरमार्गे, चर्चसंस्थांनी शोधलेल्या हमीदारांकडे. दोन वर्षांत, १९५८ मध्ये, त्यांना कायम करणारा कायदा झाला. क्यूबनांसाठी तो १९६६ मध्ये झाला, व्हिएतनाम-कंबोडियातून आलेल्यांसाठी १९७७ मध्ये. या व्हिएतनामींची गोष्ट जरा बोलकी आहे. १९७५ मध्ये सायगाव पडल्यावर सुमारे १,३०,००० लोक आले आणि फोर्ट चॅफी, कॅम्प पेंडल्टन अशा लष्करी तळांवर राहिले. तळाबाहेर पडायचे तर हमीदार हवा. संस्थांना माणशी ५०० डॉलर सरकारच देत होते, आणि हमीदाराचे बंधन नैतिक आहे हे उघड सांगितले जात होते. म्हणजे मालजामिनाला सरकारच माल पुरवत होते! मग हमीदाराकडून नेमके काय घेतले जात होते? गावात घर कुठे मिळेल हे सांगणारा, मुलाला शाळेत घालणारा, दवाखान्यात सोबत येणारा माणूस. ही गोष्ट पैशाने विकत मिळत नाही, आणि सरकारी कचेरीला ती करता येत नाही. हमीपत्राच्या बाजूने बोलायचे तर सगळ्यात भक्कम साक्ष ही आहे, आणि ती अर्जातल्या उत्पन्नाच्या रकान्यात कुठेच बसत नाही.

कॅनडाने हे ओळखून १९७९ मध्ये पाच-पाच शेजाऱ्यांच्या गटाला वर्षभराची जबाबदारी घेऊ दिली. दीड वर्षात ६०,००० इंडोचायनीज आले, त्यांतले निम्म्याहून अधिक अशा खासगी हमीवर, आणि १९८६ मध्ये निर्वासितांसाठीच्या कामाचे नान्सेन पदक एखाद्या नेत्याला नव्हे तर कॅनडाच्या जनतेला मिळाले. (तो प्रवेश कायमचा होता, म्हणून आपल्या विषयाच्या काठावरच.) पण त्या कौतुकातही एक खोच होती. लोक जितके आणतील तितकेच आम्हीही आणू, असे सरकारने आधी सांगितले होते. लोकांनी अपेक्षेहून जास्त आणले, तेव्हा डिसेंबर १९७९ मध्ये सरकार आपला वाटा वाढवायला तयार होईना. हमीदार संतापले, आणि त्यांचा संताप योग्यच होता: आपण सरकारच्या कर्तव्यात भर घालतोय असे त्यांना वाटत होते, आणि सरकार त्यांच्या हातून स्वतःचे ओझे हलके करून घेत होते. पुढच्या वसंतात ओरड झाल्यावर सरकारने आणखी १०,००० जण घेतले. खासगी हमी म्हणजे सरकारची कर्तव्यचुकार पळवाट, असे टीकाकार म्हणतात ते यावरूनच. मी अर्धेच मान्य करतो. पळवाट आहे खरी, पण १९३८-३९ मध्ये ती वाट नसती तर दहा हजार मुले आलीच नसती, कारण सरकारी खर्चाने त्यांना आणायला तेव्हाची ब्रिटिश संसद तयार नव्हती.

मनातली इच्छाच सारे ठरवते याचा ताजा पुरावा २०२१-२२ चा आहे. काबूल पडल्यावर मागे राहिलेल्या अफगाणांसाठी अमेरिकेतल्या लोकांनी चाळीस हजारांहून अधिक पॅरोल-अर्ज भरले, प्रत्येकी ५७५ डॉलर शुल्क देऊन, हमीपत्रे जोडून. पहिल्या वर्षात मंजुरी मिळाली ती काही शेकड्यांनाच. एप्रिल २०२२ मध्ये युक्रेनियनांसाठी नवी योजना निघाली: हमीपत्र त्याच घराण्यातले, शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची. वर्षभरात लाखाहून अधिक लोक येऊन पोचले. जामीनदार दोन्हीकडे तेच, पगारदार अमेरिकी. जानेवारी २०२३ पर्यंत हीच तऱ्हा क्यूबा, हैती, निकाराग्वा आणि व्हेनेझुएला या चार देशांना लागू झाली, महिन्याला ३०,००० ची मर्यादा घालून. अर्जांची संख्या पंधरा लाखांवर गेली, तेव्हा निम्मे अर्ज चिठ्ठ्या टाकल्यासारखे, यादृच्छिक निवडीने तपासायचे ठरले. हमीदाराची ऐपत इथे पुन्हा गौण, नशीब मुख्य.

याच योजनेत लबाडीही झाली, आणि विरोधकांनी तिच्यावर बोट ठेवले ते गैर नाही. एकच माणूस अनेकांचा हमीदार झालेला, मेलेल्यांच्या नोंदी वापरलेल्या, हमी विकायला काढलेल्या, असे प्रकार आढळले. जुलै २०२४ मध्ये काम थांबवावे लागले आणि ऑगस्टअखेर ते हमीदारांच्या बोटांचे ठसे घेऊन पुन्हा सुरू झाले. माझ्या मते या लबाडीने उघड केले ते एवढेच की ओळखीवर चालणारी वाट ज्यांची ओळख नाही त्यांना ओळख विकत घ्यायला लावते. पोर्ट-ओ-प्रिन्समधल्या ज्या बाईचा भाऊ मायामीत होता ती येऊ शकत होती; जिचे कोणी नव्हते ती दलालाकडे जात होती. गरज किती मोठी, हे अर्जात कुठे विचारलेलेच नव्हते.

उरला शेवटचा आणि सगळ्यात कठीण आक्षेप. तात्पुरते म्हणजे तात्पुरते. सरकारने कधीही कायमचे वचन दिले नव्हते, मग तक्रार कसली? कायद्याने हे अगदी बरोबर आहे. या चार देशांतले सुमारे ५,३०,००० लोक आल्यावर २५ मार्च २०२५ रोजी सरकारने योजना मोडल्याची अधिसूचना काढली, दोन वर्षे पुरी झालेली नसतानाही पॅरोल संपेल असे त्यात होते, आणि ३० मे रोजी सर्वोच्च न्यायालयाने सरकारला तसे करण्याची तात्पुरती मोकळीक दिली. पण दोन वर्षे हा आकडा जामीनदाराने ठरवला नव्हता. तो सरकारने ठरवला, त्याच्या आधारे जामीनदाराकडून सही घेतली आणि मुदतीच्या मध्येच आपल्या बाजूने मोडला. जुन्या कतब्यात निदान दोन्ही बाजूंची नावे असत. इथे सरकारचे नाव फक्त अर्जाच्या मथळ्यावर छापलेले असते.

त्याच वर्षीच्या ४ जुलैला मंजूर झालेल्या कायद्याने पॅरोलवर येणाऱ्या माणसावर, काही अपवाद वगळता, किमान १,००० डॉलरचे नवे शुल्क बसवले आणि ऑक्टोबरपासून ते लागू झाले. ते हमीपत्राच्या जागी आलेले नाही, त्याच्या शिवाय द्यायचे आहे. १८७६ मध्ये न्यायमूर्ती मिलर यांना जामिनाच्या आड लपलेला दीड डॉलर शोधून काढावा लागला होता. हे हजार डॉलर कुठे लपवलेले नाहीत. कायद्यातच त्यांना शुल्क म्हटले आहे, आणि राज्याऐवजी ते वॉशिंग्टन घेत असल्याने हेंडरसनचा निकाल त्यांना लागू पडत नाही.